आवळ्याचा खडा

दोन वर्षांपूर्वी शाळकरी मुलांसाठी खनिजांवरचं एक छोटं पुस्तक मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. गार्नेट नावाच्या रत्नखड्याच्या वाट्याला त्यात एकच पान होतं, आणि त्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: ग्रॉसुलर या हिरवट गार्नेटला हे नाव गूजबेरीच्या फळावरून मिळालं. मी शब्दकोश उघडला. गूजबेरीपुढे ‘आवळा’ लिहिलेलं होतं. मग पुढचा विचार न करता लिहून टाकलं, ‘ग्रॉसुलर म्हणजे आवळ्याचा खडा.’ लिहिताना फार बरं वाटलं होतं. अख्ख्या पुस्तकात तेवढं एकच वाक्य असं होतं, की ते मराठीतच सुचलंय असं वाटावं.

मजकूर तपासून परत आला तेव्हा त्या वाक्यावर लाल रेघ होती. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘गूजबेरी म्हणजे आवळा नव्हे. सुधारावे.’

तपासणाऱ्यांचं बरोबर होतं. युरोपातली गूजबेरी काटेरी झुडपाला लागते. तिची साल इतकी पातळ असते, की उजेडात धरली तर आतल्या शिरा आणि बियासुद्धा दिसतात. आपला आवळा चांगल्या मोठ्या झाडाला लागतो, आत टणक आठळी असते, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं या दोघांचं दूरचंही नातं नाही. मी वाक्य बदललं. ‘गूजबेरी या फळावरून’ असं छापून आलं. पण तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. भुदरगडातल्या नाहीतर चंदगडातल्या एखाद्या शाळेत सहावीतली मुलगी ते वाचणार, आणि तिच्या डोळ्यांसमोर काय उभं राहणार? काहीच नाही. फार तर महाबळेश्वरला टोपलीत मिळते ती गूजबेरी, कागदी पिशवीत घातल्यासारखी दिसणारी, आणि ती तर नारिंगी असते! म्हणजे हिरव्या खड्याचं नाव वाचून मुलीला नारिंगी फळ आठवणार. हे बरोबर, आणि माझा आवळा चूक.

मग मला त्या शब्दाचा नादच लागला.

ग्रॉसुलर हे नाव दिलं आब्राहाम गॉटलोब वेर्नरनं, १८०८ च्या सुमारास. वेर्नर जर्मनीतल्या सॅक्सनीत फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात शिकवायचा. १७७५ ला तिथे रुजू झाला आणि १८१७ साली वारला तोवर तिथेच होता. सायबेरियात लेना नदीला मिळणारी विल्युई नावाची लांबलचक नदी आहे. तिच्या काठचे फिकट हिरवे, कडा कोरून काढल्यासारखे स्फटिक त्याच्यापर्यंत पोचले. आधीची गार्नेटं सगळी लाल, काळपट लाल, तपकिरी. ‘गार्नेट’ या शब्दातच डाळिंब बसलंय, लॅटिनमधल्या डाळिंबाच्या नावावरूनच तो आला, कारण खडे दिसायचे डाळिंबाच्या दाण्यांसारखे. आणि आता समोर हिरवं गार्नेट. वेर्नरनं काय केलं असेल? परसातल्या झुडपाकडे बघितलं असेल, असं मला नेहमी वाटतं. त्या झुडपाचं त्या काळचं शास्त्रीय नाव होतं रिबेस ग्रॉसुलारिया. त्यातला मागचा शब्द उचलला, शेपूट कापलं, झाला ग्रॉसुलर.

हा माणूस असंच करणार होता. पंचविशीत, १७७४ साली, त्यानं एक पुस्तक लिहिलं होतं. खनिज ओळखायचं तर आधी डोळ्यांनी बघा, हातात घ्या, वास घ्या, नखानं ओरखडून बघा, रंग नीट सांगा, असा त्याचा आग्रह होता. रंग नीट सांगायचा म्हणजे काय, तर ‘हिरवा’ एवढं म्हणून थांबायचं नाही. कुठला हिरवा ते सांगायचं. पुढे १८१४ साली एडिंबरोच्या पॅट्रिक साइम नावाच्या फुलं रंगवणाऱ्या चित्रकारानं वेर्नरच्या त्या रंगयादीवरून एक पुस्तक केलं. त्यात प्रत्येक छटेपुढे जमेल तिथे एक प्राणी, एक वनस्पती आणि एक खनिज दिलेलं होतं, म्हणजे वाचणाऱ्यानं ती छटा आपल्या आसपास शोधावी. तरुण डार्विन बीगल जहाजावर निघाला तेव्हा ते पुस्तक त्याच्याबरोबर होतं. हे वाचलं आणि मला माझ्या लाल रेघेचं वाईट वाटायचं थांबलं. वेर्नरची पद्धतच मुळी ‘तुझ्या अंगणात काय उगवतं ते सांग’ अशी होती. फ्रायबर्गच्या अंगणात गूजबेरी होती, म्हणून गूजबेरी.

आणि आवळ्याला इंडियन गूजबेरी कोणी म्हटलं? इंग्रज इथे आले, गोल, हिरवं, आंबट फळ बघितलं, त्यांना घरची गूजबेरी आठवली. झाडाचं कूळ कुठलं ते त्यांनी विचारलं नाही. मी केली ती चूक त्यांनी माझ्या आधी उलट बाजूनं केली होती, आणि त्यांची मात्र शब्दकोशात जाऊन बसली.

मी कोल्हापूरची. आप्पांची अख्खी हयात गुजरीत, तिथल्या सराफांच्या पेठेत गेली, दुसऱ्याच्या पेढीवर खडे बसवण्यात. कोंदणाचं काम. लहानपणी शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे, महाद्वार रोडवरून आत वळलं की चवथ्या पायरीवर. त्यांच्या पुढ्यात लाखेचा गोळा, त्यात रोवलेली अंगठी, हातात कोरणी, आणि डोळ्याला भिंग. बोलायचे कमी. पण एखादा खडा हाती आला आणि मन लागलं, की भिंग काढून माझ्या डोळ्याला लावायचे. ‘बघ काय दिसतंय.’

मला खड्यांची नावं तिथेच कळली. लसण्या माझ्या फार आवडीचा. वैडूर्याला बाजारात लसण्या म्हणतात, लसणीवरून. सोललेल्या पाकळीचा तो ओला, पिवळट पांढरा रंग, आणि मधून जाणारी उजेडाची रेघ. नवरत्नांच्या हारात देवीच्या गळ्यात बसणारा खडा, आणि नाव स्वयंपाकघरातलं. जयपूरच्या बाजारात लाल गार्नेटला तामडा म्हणतात, त्यात तांबं आहे. वजनसुद्धा झाडाचंच. आप्पांच्या पिढीपर्यंत गुंज, मासा, तोळा हीच भाषा होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंज म्हणजे ती लाल, काळ्या तोंडाची बी. आणि ज्या कॅरटचा एवढा रुबाब, तोही कॅरोब नावाच्या शेंगेच्या बियांवरूनच आलेला. जगात कुठेही जा, रत्नं तोलणाऱ्यानं आधी झाडाखालचं बी उचललेलं आहे.

गोमेद मात्र मला नावानं आवडायचा नाही. मेद म्हणजे चरबी, गाईची चरबी. पण आप्पांचं बोट सगळ्यात जास्त त्याच खड्यावर रेंगाळायचं. राहूचा खडा म्हणून त्याला गिऱ्हाईक भरपूर, आणि म्हणून काचेचे नकलीही भरपूर. ‘ह्यात काकवी दिसली पाहिजे’, ते सांगायचे. पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हा मला खरंच गुऱ्हाळ आठवलं. काकवी पाण्यात ओतली आणि ढवळायचं अर्ध्यात सोडलं, की जशा तिच्या जाडसर वळ्या फिरत राहतात, तसं त्या खड्याच्या आत काहीतरी फिरून थिजलेलं होतं. कडा कुठेच सरळ दिसेनात. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते, तसा खड्याचा तळ थरथरत होता. काचेत हे दिसत नाही. काचेत बुडबुडे दिसतात, गोल, डोळे वटारल्यासारखे. काकवी दिसली की आप्पा मान हलवायचे आणि खडा लाखेजवळ ठेवायचे.

ग्रॉसुलरच्या मागे लागल्यावर, काम संपून पुस्तक छापून झाल्यावर, एका दुपारी मला जे कळलं ते आधी कळलं असतं तर मी त्या लाल रेघेशी भांडले असते. गोमेद हाच ग्रॉसुलर आहे. शास्त्राच्या भाषेत गोमेदाला हेसोनाइट म्हणतात, आणि हेसोनाइट ही ग्रॉसुलरचीच एक जात. घटक तेच, कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका. ठेवणही तीच. लोहाचा अंश मिसळला की मध, काकवी, दालचिनी असे रंग उतरतात. क्रोमियम किंवा व्हॅनेडियम आलं की हिरवा. आणि काहीच मिसळलं नाही तर पाण्यासारखा, बिनरंगी. सुरुवातीला हे नाव एका हिरवट खड्याचं होतं, आता ते सगळ्या कुळाचं झालंय. एके काळी ग्रॉसुलराइट असंही लिहीत, आज खनिजांची नावं ठरवणारे ग्रॉसुलर एवढंच मानतात. म्हणजे महाराष्ट्रात हजारो लोकांच्या मधल्या बोटात राहूच्या नावानं जो खडा आहे, त्याचं शास्त्रातलं कुळाचं नाव गूजबेरी. आणि महाबळेश्वरची ती नारिंगी गूजबेरी? तिचा रंग अगदी गोमेदाचा! हे योगायोगच, पण मला त्यांचा फार आधार वाटला.

हेसोनाइट या नावाबद्दल मात्र मला मनापासून राग आहे. फ्रेंच खनिजतज्ज्ञ रने जुस्त आयुई यानं ते दिलं, एका ग्रीक शब्दावरून. अर्थ होतो ‘कमी’, ‘उणा’. दिसायला सारख्या असणाऱ्या दुसऱ्या खड्यापेक्षा हा कमी कठीण, कमी जड, म्हणून उणा. एखाद्या मुलीचं नाव ‘धाकटीपेक्षा सावळी’ असं ठेवावं तसं हे. ज्या व्यापाऱ्यांनी लंकेतून हे खडे नेले, त्यांनी त्याला दालचिनीचा खडा म्हटलं होतं. दालचिनीच्या देशात सापडणारा, दालचिनीच्या रंगाचा. इतकं नेमकं नाव हातात असताना पंडितानं ‘उणा’ निवडलं. गाईची चरबी त्यापेक्षा कितीतरी बरी. निदान त्यात कुणीतरी तूप कढवताना, चरबी वितळताना तो रंग डोळे भरून बघितलेला आहे.

हिरव्या गार्नेटांची बाकीची नावंही मी अशीच एकेक करून बघितली. डिमँटॉइड म्हणजे हिऱ्यासारखा, ‘डेमांट’ या जर्मन शब्दावरून. उरल पर्वतात निझ्नी तागिलच्या बाजूला सापडला. फिनलंडच्या नॉर्डेनशल्डनं १८६० च्या दशकात त्याला हे नाव दिलं. त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, रशियन सोनार त्याला क्रिसोलाइट म्हणत राहिले. नाव देणाऱ्यावर ठपका ठेवता येत नाही, कारण प्रकाश फोडून सात रंग उधळायची या खड्याची ताकद खरोखरच हिऱ्याहून जास्त आहे. हिऱ्याचं ते माप ०.०४४, याचं ०.०५७. पण हिऱ्यासारखा म्हटलं की नजर हिऱ्याकडे जाते, खड्याकडे राहत नाही. त्यापेक्षा खाणकाम्यांच्या आणि सराफांच्या बोलण्यात उरलेला शब्द मला जास्त भावतो: घोड्याची शेपूट. उरलच्या डिमँटॉइडमध्ये ॲस्बेस्टॉसचे सोनेरी तंतू एका बिंदूतून निघून वळत पसरलेले असतात. बाकी रत्नात असं काही दिसलं की भाव उतरतो, इथे चढतो. हा खडा ज्या जातीत मोडतो तिचं नाव अँड्राडाइट, ब्राझीलच्या जोझे बोनिफासियो दे आंद्रादा याच्यावरून. तो पुढे ब्राझीलच्या स्वातंत्र्याचा एक कर्ता पुरुष ठरला, आणि तरुणपणी फ्रायबर्गला वेर्नरच्या हाताखाली शिकून गेला होता. अंगण तेच.

उवारोवाइट मी एका संग्राहकाकडे पाहिला. अंगठ्याएवढा काळपट दगड, क्रोमाइटचा. त्याच्या एका बाजूवर जाड साखर सांडावी तसे हिरवे स्फटिक, एकेक दाणा जेमतेम मिलिमीटरभर. त्याला पैलू पाडता येत नाहीत, तेवढा मोठा तो सहसा होतच नाही. म्हणून दागिन्यातही तो दगडासकट बसवतात. पण हिरवा असा, की डोळ्यांना गारवा वाटावा. भिंगातून बघितलं तेव्हा प्रत्येक दाण्याला बारा चौकटी होत्या, सगळ्या सारख्या, जणू कुणी एवढ्याशा दाण्यावर तासन्‌तास बसून घासल्यात. आणि इतक्या देखण्या गोष्टीला नाव कुणाचं? सेर्गेई उवारोव्हचं. पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीचा अध्यक्ष, पुढे झारचा शिक्षणमंत्री. ऑर्थोडॉक्स धर्म, एकछत्री सत्ता आणि राष्ट्रीयत्व या तीन खांबांवर शिक्षण उभं करायचं, असं १८३३ साली सांगणारा तो हाच. खड्याला नाव दिलं जर्मां आंरी हेस यानं, १८३२ मध्ये. रसायनातली उष्णता मोजून ज्याचा नियम आजही कॉलेजात शिकवतात तोच हा हेस. हेसोनाइटशी त्याचा काही संबंध नाही, नुसता नावाचा भास. खूप जण तिथे फसतात, मीही फसले होते. हेस मोठा शास्त्रज्ञ, पण हे नाव त्यानं वरच्या माणसाकडे बघून दिलं, दगडाकडे बघून दिलं नाही, असं मला वाटत राहतं. उवारोव्ह आता कोणाला आठवतो? हिरवा मात्र रोज तसाच आहे.

आणि त्सावोराइट. आज हिरवं गार्नेट म्हटलं की दागिन्यांच्या जगात हेच नाव निघतं. कॅम्पबेल ब्रिजेस नावाच्या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाला हा हिरवा ग्रॉसुलर १९६७ साली टांझानियात सापडला. तिथलं काम सोडावं लागल्यावर तो सीमा ओलांडून केनियात गेला, तोच थर शोधत, आणि तिथेही त्याला तो मिळाला. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनी या दागिन्यांच्या पेढीनं तो बाजारात आणला तेव्हा केनियातल्या त्सावो राष्ट्रीय उद्यानावरून हे नाव दिलं. जर्मन लोक त्याला त्सावोलिथ म्हणतात. जयपूरला जोहरी बाजारात पहिला ‘त्’ गळून सावोराइट होतो, आणि तसाच तो कानाला गोडही लागतो. ब्रिजेसनं खाणीजवळ झाडावर घर बांधलं होतं, खड्यांच्या राखणीला अजगर ठेवला होता, अशा त्याच्या गोष्टी सांगतात. २००९ साली खाणीच्या वादातून जमावानं केलेल्या हल्ल्यात तो मारला गेला.

त्सावो हे नाव वाचलं की मला आधी खडा आठवत नाही. १८९८ साली त्याच त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधला जात होता. बांधणारे बहुतेक मजूर इथून, हिंदुस्थानातून नेलेले. दोन सिंह रात्री तंबूत शिरून माणसं ओढून न्यायचे. कित्येक महिने हे चाललं. डिसेंबरात ते सिंह मारले गेले, आणि आज पेंढा भरून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये उभे आहेत. सिंहांना लोक बघायला जातात. मजुरांची नावं बहुतेकांना माहीत नाहीत. सत्तरएक वर्षांनी त्याच मुलखाच्या नावानं एक हिरवा खडा जगभरच्या काचेच्या कपाटांत गेला. नाव गावाचं ठेवलं की असं होतं, गावाची सगळी जुनी हकिगत खड्याबरोबर येते, विकणाऱ्याला हवी असो नसो. मला ती आलेली बरी वाटते.

पाचूशी त्सावोराइटची तुलना रोज होते, त्याबद्दल थोडं सांगते, कारण इथे आप्पांचा हात मला कळला. पाचूला भेगा असतात, त्या झाकायला त्याला तेल पाजतात, सगळीकडे, पूर्वीपासून. गरम पाण्यानं, सोड्यानं ते उतरतं आणि खडा मळका दिसू लागतो. त्सावोराइटला तेल लागत नाही. आणि तो जड आहे. त्याच आकाराचा पाचू तराजूत टाकला तर त्सावोराइट सहज चौथाईहून जास्त भरतो. उलट बोलायचं तर एक कॅरटचा त्सावोराइट एक कॅरटच्या पाचूपेक्षा छोटा दिसतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं आपल्याला कमी दिलं.

गेल्या वर्षी दुसऱ्याच कामानं जयपूरला गेले होते. परतायच्या आदल्या संध्याकाळी जोहरी बाजारात एका छोट्या व्यापाऱ्याच्या गादीवर बसले. त्सावोराइट परवडणारा नव्हताच. त्यानं पुड्या उलगडल्या, एकामागून एक. गडद हिरव्यांच्या पुढे एक पुडी अशी निघाली, की ती मी हातानंच थांबवली. फिकट हिरवे खडे, किंचित पिवळसर झाक. टांझानियात मेरेलानीला, जिथे टांझानाइट नावाचा निळा खडा निघतो त्याच डोंगरात, हेही निघतात. व्यापारी त्यांना मिंट म्हणतात, पुदिना. पण तो पुदिन्याचा रंग नव्हता. तो कार्तिकातल्या आवळ्याचा होता. तोच, आरपार जायला एक पाऊल कमी पडलेला, आतून उजेड असलेला हिरवा. विल्युईचे स्फटिक वेर्नरनं ज्या रंगाचे बघितले, त्याच्याही जवळचा हाच असणार, त्सावोराइटचा गडद हिरवा नव्हे. पाऊण कॅरटचा एक खडा घेतला. त्यानं पातळ निळसर कागदात बांधून दिला आणि वर लिहिलं, ‘मिंट ०.७५’.

कार्तिकातच कोल्हापूरला गेले. अंबाबाईच्या देवळाबाहेर आवळ्यांचे ढीग होते. घरी आवळीभोजनाचा बेत म्हणून आईनं किलोभर आणवले होते. आप्पा आता काम करत नाहीत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजव्यानं दिसतं ते ठीकठाक. त्यांचं भिंग अजून उशाशी असतं. मी पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी ती नुसती तळहातावर झुलवली. जुनी सवय, खडा बघण्याआधी वजन बघायचं.

‘सव्वा गुंज’, ते म्हणाले.

पाऊण कॅरट म्हणजे सव्वा गुंजच. मी नंतर हिशेब करून बघितला.

पुडी उलगडून त्यांनी खडा चिमट्यात धरला आणि खिडकीकडे फिरले. बराच वेळ बघत राहिले. ‘पाचू नव्हे. पाचूत झाडपाला असतो, हा मोकळा आहे. आणि हाताला जड लागतोय. कुठला गं?’

मी सांगितलं. आफ्रिकेतला. आणि मग ते सांगितलं जे सांगायला मी तीनशे कोस खडा घेऊन आले होते, की हा तुमच्या गोमेदाच्याच घरातला. तीच माती, तेच हाड, नुसता रंग वेगळा. त्यांनी भिंग खाली केलं आणि माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं ज्या खड्यात त्यांनी काकवी शोधली, त्याला हिरवं भावंड आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पुन्हा भिंग लावलं. ‘काकवी नाही ह्यात’, ते म्हणाले, आणि मला ऐकू आलं की त्यांना जरासं चुकचुकल्यासारखं झालंय.

‘नसते ह्यात.’

‘मग नाव काय ह्याचं?’

मी ग्रॉसुलर म्हटलं. गूजबेरीची गोष्ट सांगितली, वेर्नरची, लाल रेघेची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आईनं ताटात आवळे धुऊन ठेवले होते. त्यातला एक उचलून त्यांनी खिडकीत धरला, जसा खडा धरला होता तसाच, दोन बोटांत. सकाळचं ऊन आत येत होतं. आवळ्याच्या अंगावरच्या सहा रेघा देठापासून खालपर्यंत उजळल्या, आणि मधला गर धुरकट काचेसारखा दिसायला लागला. दुसऱ्या हातात खडा. आप्पा एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

संस्कृतवाले हस्तामलकवत् म्हणतात, हातातल्या आवळ्याइतकं स्वच्छ. मी तो शब्द शाळेत पाठ केला होता. त्यात नेमकं काय स्वच्छ दिसतं ते त्या खिडकीत कळलं.

‘मिंट कशाला म्हणायचं?’ आप्पा म्हणाले. त्यांनी जयपूरचा कागद बाजूला सारला. कपाटातल्या डब्यातून आपला जुना पांढरा कागद काढला, एका घडीत उभा, दोन घड्यांत आडवा असा दुमडला, खडा आत ठेवला आणि टोक खोचलं. आयुष्यभर अशा हजारो पुड्या त्यांनी बांधल्या असतील. प्रत्येकीवर खड्याचं नाव आणि वजन पेन्सिलीनं लिहायचं, म्हणजे न उघडता कळतं. पेन्सिल हातात घेऊन ते थांबले.

‘लिहू?’

‘लिहा की.’

हात थोडा कापतो आता. अक्षर मात्र तेच, गुजरीतलं, ठसठशीत. त्यांनी लिहिलं, ‘गोमेद, आवळी. १। गुंज.’ आणि पुडी माझ्याकडे न देता उशाशी, भिंगाच्या शेजारी ठेवून दिली.